ट्रॅक्टर-दुरुस्तीची विद्या : प्रयत्न आणि प्रमाद



शेतकऱ्याच्या वर्षांत कांहीं दिवस असे येतात कीं, त्यांची किंमत पैशांत करतां येत नाहीं. पहिला दमदार पाऊस होऊन गेलेला असतो; चिखल ओसरलेला असतो, परंतु ओल टिकून असते; मातीचें ढेंकूळ हातांत घेऊन दाबलें तर बोटांना चिकटत नाहीं व सहज फुटतें. जमिनीच्या या अवस्थेला वाफसा म्हणतात. हा वाफसा थोडेच दिवस राहतो. तेवढ्यांत पेरणी साधली तर साधली. पुन्हां झड लागली तर चाकें रुततात, आणि ऊन तापलें तर ओल उडून जाते. नेमका अशा वेळीं शेताच्या मध्यावर ट्रॅक्टर बंद पडतो. मिस्त्री असतो तालुक्याच्या गांवीं, आणि त्या आठवड्यांत त्याला चारी दिशांनीं बोलावणीं आलेलीं असतात. आपल्या हातानें ट्रॅक्टर दुरुस्त करतां येणें याचें मोल त्या दिवशीं कळतें.

बैलांच्या काळीं ही अडचण निराळ्या तऱ्हेची होती. एक बैल दुखावला तर शेजाऱ्याचा मागून आणतां येई, आणि बैलाचें दुखणें ओळखणारा जाणता माणूस गांवांत मिळे. ट्रॅक्टर आला आणि पिढ्यान्‌पिढ्यांचें हें घरचें ज्ञान अपुरें पडलें. १९५९ सालीं फरीदाबाद येथील आयशरच्या कारखान्यांतून भारतांत तयार झालेला पहिला ट्रॅक्टर बाहेर पडला. १९६३ सालीं मुंबईंत इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया स्थापन झाली, व तिचा बी-२७५ हा ट्रॅक्टर पुढें शेतकऱ्यांच्या चांगल्या परिचयाचा झाला. यंत्र कारखान्यांतून आलें. त्याचें दुखणें ओळखण्याची विद्या मात्र पुष्कळांना आपल्याच बांधावर, आपल्याच हातानें मिळवावी लागली. ती कशी मिळते, तिच्यांत चुकांचें स्थान कोणतें, आणि कोठें चूक मुळींच चालत नाहीं, हें आज सांगावयाचें आहे.

अशा शिकण्याला मानसशास्त्रांत प्रयत्न-प्रमाद पद्धति म्हणतात. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन शास्त्रज्ञानें १८९८ सालीं आपले मांजरांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. भुकेलें मांजर पेटींत कोंडावयाचें, बाहेर खाद्य ठेवावयाचें, आणि आंतून कळ दाबली किंवा दोरी ओढली म्हणजे दार उघडेल अशी योजना करावयाची. मांजर प्रथम ओरबाडी, चावे, धडपडे. त्या धडपडींत केव्हां तरी योगायोगानें कळ दाबली जाई. पुन्हां पुन्हां कोंडल्यावर सुटकेस लागणारा वेळ कमी होत जाई. मांजर शिकलें खरें. परंतु तें एक पेटी उघडावयास शिकलें. कळीचा आणि दाराचा संबंध त्याला समजला असें मानण्यास थॉर्नडाइकला आधार दिसला नाहीं.

ट्रॅक्टरशीं झटणारा नवशिका प्रथम याच वाटेनें जातो. इंजिन चालू होत नाहीं म्हणून फिल्टर बदलला, बॅटरी बदलली, नोझलें बदललीं. शेवटीं तें सुरू झालें. काम झालें, पैसेहि गेले. परंतु कोणत्या बदलानें गुण आला हें कळलें नाहीं, आणि पुढच्या मृगांत पुन्हां पहिल्यापासून आरंभ! प्रमादांतून ज्ञान मिळावयाचें असेल, तर प्रत्येक प्रयत्न म्हणजे यंत्राला विचारलेला एक प्रश्न असला पाहिजे, आणि त्याचें उत्तर ‘होय’ किंवा ‘नाहीं’ असें स्वच्छ मिळालें पाहिजे. माणसाच्या आणि मांजराच्या धडपडींत अंतर आहे तें एवढेंच.

प्रश्न विचारण्यासाठीं यंत्राची प्रकृति थोडी समजून घेणें अवश्य आहे. पेट्रोलच्या इंजिनांत ठिणगी पाडून इंधन पेटवितात. डिझेल इंजिनांत ठिणगी नाहीं. दट्ट्या वर जातांना सिलिंडरमधील हवा तिच्या मूळ आकारमानाच्या सुमारें सोळाव्या-सतराव्या हिश्शांत दाबली जाते. सायकलींत हवा भरतांना पंप गरम होतो हें आपण अनुभवलें आहे. येथें तोच परिणाम इतका तीव्र होतो कीं, हवेचें तापमान ५०० अंश सेल्सियसच्या वर जातें. त्या तप्त हवेंत नोझलमधून डिझेलचा अतिसूक्ष्म फवारा उडतो आणि आपोआप पेट घेतो. म्हणजे इंजिनाच्या मागण्या तीनच : पुरेशी हवा, वेळेवर डिझेल, आणि हवा दाबून धरणारें घट्ट सिलिंडर. यांखेरीज प्रथम गति देण्यास सेल्फ व बॅटरी. बहुतेक बिघाड या चारांपैकीं कोणत्या तरी एका घरांत सांपडतो.

हें यंत्रहि प्रमादांतूनच जन्मास आलें आहे. रुडॉल्फ डिझेल याच्या पहिल्या इंजिनाची चाचणी १८९३ च्या ऑगस्टमध्यें जर्मनींत औग्सबुर्ग येथें झाली, तेव्हां दाब मोजण्याचें उपकरणच फुटून त्याचे तुकडे उडाले. १७ फेब्रुवारी १८९४ रोजीं सुधारलेलें इंजिन स्वतःच्या बळावर चाललें, तें सुमारें एक मिनिट. पुढें १८९७ सालीं अधिकृत चाचणी झाली, तींत इंधनांतील शक्तीपैकीं २६.२ टक्के शक्ति कामास येते असें आढळलें. त्या काळच्या वाफेच्या यंत्रांना हें साधलें नव्हतें. मधल्या सुमारें चार वर्षांत दर चाचणीची नोंद झाली, दर अपयशाचें कारण शोधलें गेलें, आणि मगच पुढचा फरक करण्यांत आला.

आतां एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊं. ट्रॅक्टर सकाळीं चटकन्‌ सुरू होतो, वीस मिनिटें उत्तम चालतो, मग इंजिनाचा जोर ओसरत जातो आणि तें बंद पडतें. थोडा वेळ थांबलें कीं पुन्हां सुरू होतें, आणि पुन्हां वीस मिनिटांनीं तीच गत. येथें घाईनें पंपावर संशय घेणारे पुष्कळ. आणि पंप ही ट्रॅक्टरमधील सर्वांत महाग वस्तूंपैकीं एक. पण या लक्षणानेंच बरेंच कांहीं सांगून टाकलें आहे. इंजिन वीस मिनिटें पूर्ण जोरानें चालतें, म्हणजे सिलिंडरांतील दाब ठीक आहे. सेल्फहि ठीक आहे. विश्रांति मिळाली कीं दुखणें आपोआप बरें होतें, म्हणजे कांहीं तरी हळूहळू तुंबतें आणि थांबल्यावर मोकळें होतें. संशयाची सुई डिझेलच्या वाटेकडे वळते.

या वाटेवर एक गुन्हेगार असा आहे कीं, त्याला पकडण्यास एक पैसाहि लागत नाहीं. टाकीच्या झाकणाला हवा आंत जाण्यासाठीं एक बारीक छिद्र असतें. जितकें डिझेल बाहेर जाईल तितकी हवा त्यांतून आंत आली पाहिजे. धुळीनें व तेलकट चिखलानें तें बुजलें, तर टाकींत हळूहळू निर्वात होतो आणि डिझेल पुढें सरकेनासें होतें. तेलाच्या डब्याला एकच भोंक पाडून डबा उपडा धरला तर धार अडखळते, तसेंच हें. इंजिन थांबलें कीं इकडून तिकडून हवा झिरपते आणि काम पुन्हां सुरू होतें. परीक्षा सोपी आहे : झाकण सैल करून ट्रॅक्टर चालवावयाचा. वीस मिनिटांनींहि तो बंद पडला नाहीं, तर रोग सांपडला. एक बारीक तार घेऊन छिद्र मोकळें करावें.

समजा, तरीहि बंद पडला. प्रयत्न वाया गेला काय? मुळींच नाहीं, एक संशयित निर्दोष ठरला. दुसरा संशयित टाकीच्या तळाशीं असतो. झाडाचें पान, चिंधी, गंजाचा पापुद्रा असें कांहीं टाकींत पडलेलें असतें. डिझेलच्या ओढीनें तें निघण्याच्या तोंडाशीं जाऊन चिकटतें, आणि ओढ थांबली कीं पुन्हां तरंगूं लागतें. लक्षण अगदीं तेंच, पण कारण निराळें. आतां झाकण सैलच ठेवून, नळी जेथें पंपाकडे जाते तेथें सोडवावी आणि डिझेल बाटलींत धरावें. धार प्रथम जाड येऊन मग बारीक होत गेली, तर टाकी साफ करावी. धार शेवटपर्यंत जाड राहिली, तर टाकी व नळी निर्दोष, मग फिल्टर. फिल्टर बदलूनहि भागलें नाहीं, तरच पंपाचें नांव घ्यावें. फुकटाचा प्रयोग पहिला, थोड्या खर्चाचा दुसरा, मोठ्या खर्चाचा शेवटीं; आणि एका वेळीं एकच बदल. झाकणहि साफ केलें, टाकीहि धुतली आणि फिल्टरहि बदलला, तर ट्रॅक्टर चालेल, परंतु चालविणारा जितका अज्ञ होता तितकाच राहील.

नळी सोडली कीं आणखी एक अडचण उभी राहते. मिस्त्री तिला ‘एअर धरली’ असें म्हणतात. डिझेलच्या नळ्यांत हवेचे बुडबुडे शिरले तर इंजिन सुरू होत नाहीं. नोझल उघडण्यास जुन्या इंजिनांत वातावरणाच्या दाबाच्या सुमारें पावणेदोनशें ते दोनशें पट दाब लागतो. द्रव दाबला जात नाहीं, म्हणून पंपाचा रेटा थेट नोझलपर्यंत पोहोंचतो. हवा मात्र दबते. पंपाचा सारा रेटा बुडबुडा दाबण्यांत संपतो व नोझल मिटलेलेंच राहतें. उपाय हा कीं, फिल्टरवरील एअर काढण्याचा स्क्रू सैल करून हातपंप मारावा. प्रथम फेंस येतो, नंतर बुडबुड्यांवांचून अखंड धार येते. धार चालू असतांनाच स्क्रू घट्ट करावा. नंतर पंपावरील स्क्रूपाशीं तेंच करावें. टाकीपासून नोझलकडे, हा क्रम मात्र उलटा करूं नये.

वारंवार एअर धरत असेल, तर हवा कोठून शिरते तें शोधावें. येथें नवशिका हमखास फसतो, कारण तो डिझेल कोठें गळतें तें पाहतो. ज्या नळींतून पंप डिझेल ओढतो, तिचा एखादा सांधा असा असूं शकतो कीं, त्यांतून थेंबहि बाहेर येत नाहीं, परंतु ओढ सुरू झाली कीं हवा आंत जाते. सांधा कोरडा दिसतो म्हणून तो निर्दोष ठरत नाहीं. तांब्याचें जुनें वायसर बदलावें आणि पुन्हां पाहावें.

शेतकऱ्याचे डोळे, कान आणि नाक हींच त्याचीं पहिलीं उपकरणें. धुराड्यांतून काळा धूर येत असेल तर डिझेलच्या मानानें हवा अपुरी आहे; प्रथम एअर-क्लीनर उघडून पाहावा, कारण कोरड्या दिवसांत रोटाव्हेटरमागें उठणारी धूळ तो फार लवकर भरून टाकते. निळसर धूर म्हणजे इंजिनांतील ऑइल जळत आहे. पांढरा धूर थंड सकाळीं थोडा वेळ आला तर चिंता नाहीं. तो टिकून राहिला तर डिझेल न जळतां बाहेर पडत आहे, किंवा पाणी आंत शिरत आहे. ऑइल मोजण्याच्या कांडीवरचें ऑइल दुधाळ दिसलें, तर त्यांत पाणी मिसळलें असें समजून इंजिन तात्काळ बंद ठेवावें. सेल्फ मारल्यावर नुसती टकटक होत असेल, तर पुढचे दिवे लावून पुन्हां सेल्फ मारावा. दिवे एकदम मंदावले तर बॅटरी उतरली आहे किंवा तिच्या टोकांवर गंज चढला आहे. दिवे लख्ख राहिले तर वीज सेल्फपर्यंत पोहोंचतच नाहीं. एका दिव्यानें संशयाचें क्षेत्र निम्मे होतें. क्षेत्र निम्म्यानें कमी करीत जाणें, हेंच सर्व रोगनिदानाचें मर्म आहे.

येथवर चुकांना मोकळीक दिली, कारण त्या चुका स्वस्त व परत फिरवितां येणाऱ्या होत्या. आतां ज्या चुका एकदांच होतात त्यांविषयीं. नोझलच्या नळींतून दाबानें निघणारी डिझेलची बारीक धार कातडी भेदून आंत जाते. जखम सुई टोंचल्याएवढी दिसते, दुखतहि फारसें नाहीं. परंतु हात गमवावा लागेल इतकी ती गंभीर असूं शकते, आणि तत्काळ शस्त्रक्रियेची गरज लागते. म्हणून गळती शोधावयाची ती पुठ्ठा पुढें धरून. हाताचें बोट फिरवून कधींहि नव्हे. नुसत्या जॅकवर उचललेल्या ट्रॅक्टरखालीं जाऊं नये. जाड लांकडी ठोकळ्यांचा आधार द्यावा व चाकांना अडण लावावी. लिफ्टवर उचललेलें औजार प्रथम जमिनीवर टेंकवावें. फिरत्या शाफ्टजवळ धोतराचा सोगा, पदर, उपरणें येऊं देऊं नये. जमिनीवर उभें राहून, सेल्फच्या दोन टोकांवर पेचकस टेंकवून ट्रॅक्टर सुरू करण्याची एक घातक रीत आहे. ट्रॅक्टर गियरमध्यें असेल तर मागचें मोठें चाक त्या माणसाच्याच अंगावर येतें. कित्येकांनीं असे प्राण गमावले आहेत. या क्षेत्रांत दुसऱ्यांच्या प्रमादांवरूनच शिकावयाचें असतें.

दुसरी मर्यादा सूक्ष्मतेची. डिझेल-पंपाच्या आंतील दट्ट्या व त्याची नळी यांमधील फट मिलिमीटरच्या कांहीं हजारांशांएवढीच असते; आपल्या केसाची जाडी तिच्या कितीतरी पट असते. बांधावर, वाऱ्यांत, मळक्या हातांनीं तो पंप उघडणें म्हणजे त्याचा नाश करणें होय. तो त्या कामाचीं यंत्रें असलेल्या दुकानींच न्यावा. आपण काय करूं नये हें जाणणें, हाहि कसबाचाच भाग आहे.

उरलेलें सारें एका वहींत मावतें. तारीख, लक्षण, केलेला एकच बदल, परिणाम : एवढ्या चार गोष्टी प्रत्येक वेळीं लिहाव्या. भाग सोडण्यापूर्वीं मोबाइलनें छायाचित्र घ्यावें. निघालेले नट-बोल्ट निघाल्या क्रमानें मांडून ठेवावे. जुना भाग फेंकूं नये, कारण नव्या भागानें गुण न आला तर जुना परत बसवून पाहणें हीसुद्धां एक परीक्षाच असते. कंपनीची पुस्तिका जवळ ठेवावी. सिलिंडर-हेडचे बोल्ट कोणत्या क्रमानें व किती जोरानें आवळावयाचे, हें अंदाजानें ठरवावयाचें नसतें. तें पुस्तिकेंतच पाहावें.

आतां या विद्येपुढें एक नवें संकट उभें आहे. भारतांत ५० अश्वशक्तीहून मोठ्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून धुराचे अधिक कडक नियम लागू झाले. हवेच्या दृष्टीनें हें इष्टच आहे. परंतु त्यासाठीं अशा इंजिनांत डिझेलचें नियंत्रण इलेक्ट्रॉनिक यंत्रणेकडे गेलें आहे. तेथें बिघाड संगणकावरील संकेतांकानें कळतो, आणि तो वाचण्याचें साधन कोणाच्या हातीं असावें हा वादाचा विषय आहे. अमेरिकेंत शेतकऱ्यांनीं यासाठीं दीर्घकाळ झगडा चालविला. कोलोरॅडो राज्यानें २०२३ सालीं शेतीयंत्रांच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला, व तो १ जानेवारी २०२४ पासून अमलांत आला. उत्पादकानें पुस्तिका, सुटे भाग, उपकरणें व संगणकीय साधनें मालकाला आणि स्वतंत्र मिस्त्रीला योग्य दरानें उपलब्ध करावीं, असा त्याचा आशय आहे. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानेंहि २०२२ च्या जुलैमध्यें दुरुस्तीच्या हक्कासाठीं समिति नेमली, आणि तिच्या कक्षेंत शेतीचीं औजारें घेतलीं.

हा प्रश्न केवळ खर्चाचा नाहीं. झाकण सैल करून पाहण्याचा अधिकार ज्याला आहे, तोच झाकणाविषयीं कांहीं शिकूं शकतो. यंत्र कुलपांत गेलें कीं मालकाला चूक करण्याची संधि उरत नाहीं, आणि चुकीबरोबर शिकण्याचीहि नाहींशी होते. मग वाफशाच्या दिवशीं तो शेताच्या मध्यावर उभा राहून तालुक्याच्या रस्त्याकडे पाहत बसतो.

शहरांतील कुटुंबांना ट्रॅक्टरशीं कर्तव्य नसेल. परंतु घरांत मिक्सर आहे, शिवणयंत्र आहे, पाण्याचा पंप आहे. यांपैकीं कांहीं बंद पडलें, तर प्लग काढावा, आणि मिस्त्रीला बोलावण्यापूर्वीं मुलांना जवळ घेऊन एकच प्रश्न विचारावा : याला चालण्यास काय काय लागतें, आणि त्यांपैकीं काय पोहोंचत नाहींसें दिसतें? मुलांचें पहिलें उत्तर बहुधा चुकेल. तें वहींत लिहून ठेवावें, आणि दुसरें विचारावें.